कै., श्री. आणि एक कोरी ओळ

छापखान्यात अक्षरांचे झिजलेले शिशाचे खिळे डब्यात टाकायचे, डबा भरला की वितळवायचे. किस्से मात्र वितळत नाहीत, साठतच जातात. सीताबर्डीच्या आमच्या छापखान्यात मी खिळे जुळवायची. शाळेचं तोंड पाहिलं नाही. उलटी अक्षरं आधी शिकले, सुलटी नंतर. अन् कोणी शिकवली नाहीत, हेही सांगून ठेवते.

लग्नपत्रिकेचा साचा आमच्याकडे बांधून तयारच असे, नावं तेवढी बदलायची. मालक अण्णाजींचा कायदा एकच: "माणूस असंल तं ओळ लाव, नसंल तं ओळच काढ. भोक ठेवू नोको."

*

खाप्याच्या एका घरानं नवरदेवाच्या मामाचं नाव कळवलंच नाही. माझ्या जोडीला खिळे जुळवणाऱ्या गणपतनं नावाची जागा काढली, पण नावापुढचं 'श्री.' तसंच राहिलं. मांडवात मुलीकडचे विचारत फिरले, हे श्री कोण? शेवटी श्रीधर नावाचा कोणी दूरचा पाहुणा पुढं झाला अन् मामाचं उपरणं घेऊन गेला.

*

याच गणपतच्या हातून मागल्या पत्रिकेतलं 'कै.' काढायचं राहिलं, अन् ते दुसऱ्याच घरच्या आजोबांना लागलं. आजोबा काठी टेकत स्वतः आले. अण्णाजी हात जोडून म्हणाले, सगळ्या पत्रिका नव्यानं छापून देतो.

"ते होईन गा. मले इतकंच सांग, मी पंगतीत बसू का भिंतीवर?"

*

उमरेडच्या गिरजाबाईचा नवरा कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. आहे की गेला, कोणालाच ठाऊक नव्हतं. आता पोरीचं लग्न ठरलेलं. सोबत आलेला दीर म्हणाला, 'कै.' लावा, लोकांची तोंडं बंद होतील. गिरजाबाईच्या कपाळावर कुंकू होतं. अण्णाजींनी आपला कायदा सांगितला, मग ओळच काढू.

तशी ती माझ्याकडे वळली.

"ओळ काढली तं पोरीले बापच नव्हता, असं होते ना बाई. अन् श्री. लावलं तं लोक विचारतीन, कुठं हाये? मले तं मालूम नाही. जागा ठेवता का? आला तं सोताचं नाव सोता लिहीन."

कोरी जागा म्हणजे काही न करणं, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे तीही शिशानंच भरावी लागते, नाहीतर आजूबाजूच्या ओळी ढळतात. 'यांची कन्या'च्या वर मी एक अख्खी ओळ कोऱ्या शिशाची बसवली.

अण्णाजींनी प्रूफ उजेडात धरलं.

"इथली ओळ राहिली वं."

"राहिली नाही, अण्णाजी. लावली हाये."