हक्कसोड

नातवंडं मला शहाणी समजतात, म्हणून आधीच कबूल करते: ऐन उमेदीत मी एका बाईचं माहेर तोडलं. तेही फळ्यावर तक्ता आखून.

ती साताऱ्यात आमच्या गल्लीत ब्लाउज शिवायची. माहेर उंब्रजजवळचं, नवरा फौजेत. तिचं नाव सांगत नाही. तिचे भाऊ अजून धुसफुसतात. तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे वाक्य अर्ध्या ओठातून यायचं, पण नेमकं. "हात वर. पोट आत घिऊ नका बाई, मापाला खोटं चालत न्हाई."

मी तेव्हा कॉलेजात शिकवायचे. खांद्याला झोळी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि जग मलाच कळलंय असा चेहरा. दर रविवारी माझ्या घरी बायकांचं अभ्यासमंडळ भरायचं. ती हुकं लावायचे ब्लाउज घेऊन कोपऱ्यात बसायची. "तेवढंच कानावर पडतंय," म्हणायची.

एका रविवारी मी स्त्रीवादाच्या शाखांचा तक्ता काढला. पहिला रकाना उदारमतवादी: कायद्यात समान हक्क मिळाले की बाई सुटली. हा माझा. दुसरा समाजवादी: मालमत्ता कुणाची आणि राबतं कोण, हे बदलल्याशिवाय कायदा काय कामाचा? हा माझ्या मैत्रिणीचा. तिसरा जहाल: खरं दुखणं घरातच, पुरुषाच्या सत्तेत. हा आमच्यातल्या सगळ्यात तरुण प्राध्यापिकेचा. ती लग्नपत्रिका न वाचता फाडायची. चौथ्या, दलित स्त्रीवादाच्या रकान्यात मी 'पुढच्या रविवारी' असं लिहिलं. तो रविवार कधी आला नाही. याची आजही लाज वाटते.

तेवढ्यात कोपऱ्यात हुकं लावत बसलेल्या तिनं तोंडातल्या टाचण्या काढून तळहातावर ठेवल्या. टाचण्या निघाल्या म्हणजे गोष्ट गंभीर.

"वडील गेलं. भाऊ हक्कसोडाचा कागद घिऊन येणार हायत. जमिनीतला वाटा सोडला म्हणून सही करायची. करू का नको?"

मग काय! मी म्हणाले, कायद्यानं दिलेला हक्क सोडायचा नाही. मैत्रीण म्हणाली, कागदावरच्या हक्काचं सोड, जमीन कसायला घे. तिसरी म्हणाली, भावांची मर्जी हीच बेडी. 'नको' यावर तिघींचं एकमत आणि 'का नको' यावर दोन तास भांडण.

"व्हय, पर दिवाळीला म्या जायाचं कुठं?" तिनं विचारलं.

आम्ही तिघींनी एकदम फळ्याकडं पाहिलं.

तिनं सही केली नाही. त्या भाऊबीजेला ओवाळणीचं ताट लावून दिवसभर बसली. कुणी आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. गिऱ्हाईक बाई नवी साडी दाखवून "भावानं दिली" म्हणाली, की हिच्या मशीनचं चाक जोरात फिरायचं.

आणि मी? सांगलीच्या माझ्या भावांना मी हक्कसोड कधीच लिहून दिलं होतं, तक्त्याच्या कितीतरी आधी. दरसाल भाऊबीजेला जायचं, साडी आणि बेदाण्याचा पुडा घेऊन यायचं. मंडळात मात्र चकार शब्द नाही. वर भाषण द्यायला मी पुढं!

नवरा पेन्शनीत आल्यावर तिनं आपल्या वाट्याच्या रानात दोन खोल्या बांधल्या आणि गल्ली सोडली. तिच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. गेल्या महिन्यात मुद्दाम तिच्याकडे गेले. भाऊ अजून बोलत नाहीत. धाकटी वहिनी तेवढी बांधावरून ताक देते. ती स्वतः ओट्यावर शेंगा फोडत होती. मी सगळं ओकून टाकलं: माझी सही, माझा बेदाणा, तिचं तुटलेलं माहेर. माफ कर म्हटलं.

ती शेंगा फोडायची थांबली.

"आवं बाई, तुमची सही मला पैल्यापासनं ठावं हुती. सांगलीस्नं आलासा की नव्या साडीचा ब्लाउज टाकायला यायचा, आन् माप देताना रडायचा. 'लिहून दिलंय, आता पावण्यावाणी जायाचं आन् पावण्यावाणी यायाचं,' तुमीच बोलला हुता. ते बघून म्या सही न्हाई केली. माझं माहेर म्या तोडलंय, डोळं उघडं ठिवून. आता ते बी तुमच्या नावावर लावू नका."