कालचं पाणी

छत्तीस-सदतीसचा उन्हाळा असेल. नाशकात आमच्या आळीतल्या बायका सकाळी नळाला पाणी येण्याआधी कालचं शिळं पाणी ओतून टाकत आणि हंडे राखेनं घासून पालथे घालत. एके दिवशी नळाला पाणी आलंच नाही, आणि नेमकी लाकडाच्या वखारीला आग लागली. घरोघरी हंडे लखलखीत, पण रिकामे. बंब आला, तर त्याची नळीसुद्धा त्याच कोरड्या नळाला जोडायची होती. गोदावरीवरून घागरी येईपर्यंत वखारीला लागून असलेली घरं जळून गेली.

मग सभा झाली. म्युनिसिपालिटीच्या मेंबरांनी वखारवाल्याला दोष दिला, वखारवाल्यानं पाणीखात्याला. खात्याचा साहेब म्हणाला, यंदा ऊनच फार आहे. टाळ्या तिघांनाही मिळाल्या. असल्या सभांचा मला तेव्हापासून वीट आला आहे.

आई सभेला गेली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती दोन हंडे न ओतता भरलेले ठेवू लागली. आगीचा दोष कुणाचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. घरात शिळं पाणी ठेवते म्हणून आळीनं नावं मात्र तिलाच ठेवली.