विमलमावशींचं एस्टोनियाचं गाणं

आम्ही गात असताना विमलमावशी डोळे मिटून रांगेतून फिरायच्या आणि एकेकीच्या तोंडाशी कान न्यायच्या. पहिल्या दिवशी माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "शेजारणीचा आवाज ऐकू येत नसेल, तर समज, तू जास्त गातेयस." हे मला पुढेही पुष्कळदा ऐकावं लागलं.

धारच्या एका शाळेत गाणं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लेक नोकरीसाठी एस्टोनियात. तिच्याकडे गेल्या असताना हजारो माणसं एका मैदानात उभी राहून एकत्र गाताना त्यांनी पाहिली. "गात गात रशियाच्या तावडीतून देश सोडवला गं त्या लोकांनी," हे त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. परतल्यावर त्यांनी आम्हा चौदा बायकांना जमवलं आणि तिथलं एक गाणं देवनागरीत लिहून दिलं. निम्म्या जणी वरच्या सुरात, निम्म्या खालच्या. दोन चाली एकाच वेळी. आम्हाला भजनाची सवय, महिनाभर नुसता गोंधळ झाला.

खालच्या सुराच्या रांगेत साड्यांना फॉल लावणारी कमल होती. आवाज जाड, पण पक्का. मला तो टोचायचा. देवासला समूहगानाच्या स्पर्धेत स्टेजवर जायच्या आधी मी तिला बाजूला घेतलं. "आज तू नुसते ओठ हलव. मावशींनीच सांगितलंय." ती "बरं, ताई" म्हणाली.

गाणं सुरू झालं आणि खालची बाजू विरून गेली. मावशींचा हात क्षणभर हवेत थांबला. बक्षीस मिळालं नाही. कमल यायची बंद झाली. पंधरा दिवसांनी पुन्हा आली. मावशींनी मला काही विचारलं नाही. फक्त माझी जागा बदलून मला कमलच्या शेजारी उभं केलं.

यंदा थंडीत मावशी गेल्या. त्यांच्या लेकीला भेटायला घरी गेलो तेव्हा अंगणात कमल माझ्याजवळ बसली. म्हणाली, "ताई, देवासच्या नंतर मावशी माझ्या घरी आल्या होत्या. मी बोलले, तुम्हीच तर ओठ हलवायला सांगितलं होतं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग हात जोडले. बोलल्या, गलती झाली माझी, तुझ्याशिवाय गाणं अधुरं आहे. एवढ्या मोठ्या बाईने माझ्यासमोर हात जोडले, ताई."

ती रडत होती. खरं सांगायची तीच वेळ होती.

"मोठ्या मनाच्या होत्या," एवढंच मी म्हणाले.