बापलेकीची खुर्ची

बारा वर्षं दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वस्तीत राहून खरी बाग बघायला मात्र चीनला जावं लागलं, हा विनोद माझ्या नवऱ्यानं विमानात दोनदा केला. सुट्टी म्हणजे सांगलीला सासरी, हा आमचा नियम पहिल्यांदाच मोडला होता. स्वारी भलतीच खुशीत होती.

बीजिंगबाहेरच्या त्या डोंगरउतारावर चिनी सम्राटांनी बाग करवून घेतली होती. बाग म्हणजे अख्खा डोंगरच. जुनी पाइनची झाडं, मध्येच रंगीत मंडप, कुठे परक्या फौजांनी जाळलेल्या महालांचे नुसते चौथरे, आणि पायऱ्या. दुबईत आमचं चालणं लिफ्टपासून गाडीपर्यंत. पन्नासेक पायऱ्यांतच माझ्या गुडघ्यांनी हात टेकले.

शिखरापर्यंत उघड्या खुर्च्यांचा रोपवे होता, एका खुर्चीत दोघं. आमची मुलगी सोळा वर्षांची, जन्म दुबईतलाच. तिला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत. नवरा अल क्वोजच्या गोदामातून दमून यायचा, ही कानात इअरफोन घालून बसलेली. दोघांचं बोलणं ‘जेवलीस?’ आणि ‘यस, बाबा’ एवढंच. म्हणून मीच दोघांना एका खुर्चीत कोंबलं.

“मोबाइल काढायचे नाहीत. जरा एकमेकांशी बोला,” मी दटावलं.

“यल्ला, चला!” नवरा म्हणाला, आणि खुर्ची वर निघाली.

मी खाली तळ्याकाठी बसून केळं खाल्लं, लाल पानांचे फोटो काढले. ते फोटो मी नंतर संतापून पुसून टाकले.

वरून त्याला स्ट्रेचरवर आणलं. हार्ट अटॅक होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मुलगी महिनाभर त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. मग एका दुपारी मी त्याचे कपडे आवरत असताना शेजारी येऊन बसली आणि आपणहून सांगू लागली. खुर्ची निम्म्यावर असताना बाबांना दरदरून घाम फुटला आणि ते मराठीत म्हणाले, “मला घाबरल्यासारखं होतंय गं.”

“सो आय हेल्ड हिज हँड,” ती म्हणाली. “आय सेड, डोन्ट बी स्केअर्ड, बाबा. जस्ट डोन्ट लुक डाउन.”

वर उतरल्यावर तिनं त्याला बाकावर बसवलं. भीती जाईल म्हणून वीस मिनिटं त्याचा हात धरून बसली. कुणालाही हाक मारली नाही.

माझ्या हातातला शर्ट हातातच राहिला. घाबरल्यासारखं होतंय म्हणजे जीव कासावीस होतोय, डॉक्टरला बोलवा. सांगलीतल्या लहान पोरालाही हे कळलं असतं. हिला कुणी शिकवायचं होतं? मीच ना? मी मात्र तिच्या मोडक्या मराठीचे किस्से पाहुण्यांना कौतुकानं सांगत आले. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“ही वॉज स्केअर्ड ऑफ हाइट्स, राइट, आई?” तिनं विचारलं.

गोदामात लागण्याआधी त्याचं अर्धं आयुष्य उंच इमारतींच्या बांधकामांवर गेलं होतं.

“हो,” मी म्हटलं. “उंचीला फार घाबरायचे ते.”

“ॲट लीस्ट आय वॉज देअर. आय केप्ट टेलिंग हिम नॉट टु बी स्केअर्ड.”

“बरं केलंस, बाळा,” मी म्हटलं.