कासवाच्या अंड्यांवर सोलापुरी चादर

अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, सोलापुरात सात रस्त्याजवळ चादरींचं दुकान चालवणाऱ्या, बावन्न वर्षांच्या आणि पोहता न येणाऱ्या एका गृहस्थाची भीमेच्या काठी कासवांच्या अंड्यांचा रखवालदार म्हणून नेमणूक झाली आहे.

तो गृहस्थ मी. नेमणूक करणारे अधिकारी म्हणजे नदीत मासे धरणारे एक मामा. त्यांनी मला काठावर उकिडवं बसवलं, भुसभुशीत वाळूकडे बोट केलं आणि म्हणाले, "हितं हायत. शिंकू नका." मी खरोखरच शिंक दाबली. कान बंद झाले.

आदल्या वर्षी मामांच्या जाळ्यात एक मोठी कासवीण अडकून गुदमरून मेली होती. ते त्यांच्या मनाला फार लागलं. म्हणून यंदा एक मादी नदीच्या वळणावर अंडी घालून गेलेली दिसताच त्यांनी तिथलं जाळं काढलं आणि जागेवर बाभळीच्या काट्या रचल्या. त्यांचा धाकटा भाऊ भडकला, कारण मासा सगळ्यात जास्त त्याच वळणावर. शेवटी ठरलं की वैशाखातल्या अमावास्येपर्यंत थांबायचं. तोवर पिल्लं निघाली तर वळण कायमचं कासवांचं, नाहीतर भावाचं.

माझं काम दर रविवारी काट्या तपासायचं आणि कुत्र्या-मुंगसांच्या पावलांची वहीत नोंद करायचं. मी ते दुर्बीण गळ्यात घालून, घसा खाकरून करत असे. नदीला काही फरक पडत नसे, पण मला पडत असे!

आणि मग मी शहाणपणा केला. मामा लेकीकडे आठ दिवस गेले होते. एप्रिलचं ऊन असं की चपलेतून चटका बसावा. माझ्या कोवळ्या पाहुण्यांची ही हालत? मी दुकानातली सगळ्यात जाड, मोराच्या नक्षीची चादर आणली, दुहेरी केली, काट्यांखाली नीट अंथरली आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

परत आलेल्या मामांनी ती चादर दोन बोटांनी उचलून धरली.

"मालक, ही अंडी हायत का बाळंतीण?"

"उन्हाचा त्रास नको म्हणून..."

"अवो, ऊनच उबवतंय की त्यास्नी! तुमी आठ दिस सावलीत घातली!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यानंतर मी नुसत्या रविवारी न जाता रोज जायला लागलो. दुकान बायकोने सांभाळलं आणि ती मला कासवाचा मुनीम म्हणायला लागली.

अमावास्या उजाडली. वाळू गप्प. सकाळीच धाकटा भाऊ ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं घेऊन वळणावर हजर. जाळ्याचं दुसरं टोक काठावर त्याच्या बायकोच्या हातात.

"दाजी, आज सांजपातूर तरी थांबा म्हणावं का त्यास्नी?" तिने मामांना हळूच विचारलं.

"शबुद तो शबुद," मामा म्हणाले.

"मालकाची चादर पांघरून निजल्यात ती!" भाऊ पाण्यातून ओरडला. "उठायची न्हाईत आता!"

अर्धं जाळं पाण्यात गेलं. मी वाळूकडे बघायचं टाळत वाळूकडेच बघत होतो. आणि ती हलली! आधी एक खड्डा, मग त्यातून सुईसारखं नाक, मग बिस्किटाएवढं अख्खं कासव. त्याच्यामागे दुसरं, तिसरं, पाचवं, एकमेकांच्या पाठीवर पाय देत! मी दुर्बीण डोळ्याला लावली. पिल्लू माझ्यापासून दोन हातांवर होतं. मामांनी माझं मनगट असं धरलं की अजून दुखतं. पहिलं पिल्लू सरळ पाण्यात घुसलं आणि जाळ्याच्या दिशेने निघालं.

पाण्यातून भावाने बायकोला हाक मारली, अशी की पलीकडच्या काठावरची म्हैस वळून बघायला लागली:

"अगं वड, जाळं माघारी वड! लेकरं आल्यात पाण्यात!"