मिशनच्या रस्त्याने गेलेली चादर

अकोल्याबाहेरचा आमचा फुलमळा कधीच विकला गेला, तिथे आता घरं आहेत. तरी सकाळी मोगरा दिसला की मला तो मळा आठवतो आणि बाबांची अजून तितकीच आठवण येते.

बाबा भारी हेकट. फुलं कोणत्या देवाला न्यायची, हे विचारल्याशिवाय ते फुलाला हात लावत नसत. देवळाला झेंडू-शेवंती, दर्ग्याला गुलाबाची चादर, आणि मिशनवाल्यांना काहीच नाही. त्याला कारण माझा काका, बाबांचा पाठचा भाऊ. मिशनच्या दवाखान्यात तो मोठ्या दुखण्यातून उठला, तिथेच कामाला राहिला आणि ख्रिस्ती झाला. "माहा भाऊ मेला," असं बाबांनी चारचौघांत सांगून टाकलं. नऊ वर्षं त्यांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आई गुपचूप त्याच्याकडे वांगी पाठवायची. बाबांना ते ठाऊक होतं, पण ते कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. मी चार दिवस माहेरी आले होते. मळ्यापलीकडे लष्कराचा तळ पडला होता. ब्रह्मदेशाकडे निघालेले नायजेरियाचे शिपाई होते ते. त्यांतला एक उंच शिपाई दुपारी आमच्या विहिरीवर हातपाय धुऊन लिंबाखाली नमाज पढायचा. बाबा त्याला पेरू द्यायचे. एक दिवस तो आला आणि तोडक्यामोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "मेरा भाई मर गया. बुखार. फूल चाहिए."

त्या दिवशी मात्र बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. नमाजी माणसाचा भाऊ, त्यात विचारायचं काय? आम्ही मायलेकींनी गुलाबाची चादर गुंफली, कडेला मोगरा लावला. चादर दोघांनी दोन टोकं धरून न्यावी लागते, म्हणून बाबांबरोबर लष्कराच्या मोटारीत मीही बसले.

मोटार कबरस्तानाकडे वळलीच नाही. ती मिशनच्या रस्त्याला लागली. ख्रिस्ती स्मशानात खड्डा तयार होता आणि शेजारी लाकडी क्रूस ठेवला होता. बाबांचा चेहरा उतरला.

"चुकी झाली, पोरी," ते मला म्हणाले. "मेलेल्या मानसाचा मी धरम बिघडवून राहिलो."

शिपायाला शब्द कळले नसतील, पण अडचण कळली. "मेरा भाई," तो छातीला हात लावून म्हणाला. "एक अम्मा, एक बाप." मग त्याने हातवारे करत सांगितलं. त्यांच्या गावात मशीद आहे, चर्च आहे, आजोबा अजून गावच्या जुन्या देवालाच भजतात. तो बापाबरोबर मशिदीत गेला, भाऊ मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झाला. भांडणं होत नाहीत असं तो म्हणाला नाही. पण ईद असो की नाताळ, जेवायला सगळे एकाच घरी बसतात.

"एका घरात?" बाबांनी विचारलं.

"एक घर."

त्याने चादरीचं माझ्या हातातलं टोक घेतलं. दुसरं बाबांकडेच होतं. माती लोटून झाल्यावर दोघांनी मिळून ती कबरीवर पसरली. शिपाई तेव्हा रडला, आणि मीही.

मोटार परत निघाली तेव्हा बाबा चढले नाहीत, म्हणून मीही थांबले. काकाची खोली कुंपणापलीकडेच, दवाखान्याच्या आवारात होती. ते दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पानी दे."

काका लगबगीने दारात आला. "दादा," तो म्हणाला, "पानी आमच्या घरचं हाय."

"मंग मी काय नदीवर जाऊ?"

काकाने लोटा भरून आणला. घाईत अर्धं पाणी उंबऱ्यावर सांडलं. उरलेलं बाबा घटाघटा प्यायले आणि रिकामा लोटा त्याच्यापुढे धरून म्हणाले, "आनखी दे."