चांदीचं पाणी आणि तांडेलताई

प्रयोगशाळेत शिरल्यावर ताई खुर्चीकडे न जाता आधी नळ गाठत. दुसऱ्याने धुतलेलं भांडं त्यांना धुतल्यासारखं वाटतच नसे. आमचे मदतनीस यादवजी म्हणत, "मॅडम, मैंने धो दिया है." ताई "हो हो" म्हणत आणि ते पुन्हा विसळत.

त्या किनाऱ्यावरच्या घिवली गावच्या, मच्छीमाराच्या घरातल्या. बोईसरच्या आमच्या छोट्या कारखान्यात मुख्य केमिस्ट. मी त्यांच्या हाताखाली. वडील तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख. हुकूम सोडायची ढब लेकीनेही घेतली होती, म्हणून आम्ही पाठीमागे त्यांना तांडेलताई म्हणायचो. एरवी त्या अगदी छापील मराठी बोलत. चिडल्या किंवा खूश झाल्या की घरची बोली बाहेर पडे.

तेव्हा आम्ही चांदीचं पाणी करायला घेतलं होतं. मोज्यांना वास येऊ नये म्हणून ते कापडाला लावतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये चांदीच्या दोन तारा सोडायच्या, वीज द्यायची, की चांदीचे बारीक कण पाण्यात उतरतात. जमलं तर पाणी स्वच्छ, फिकट सोनेरी. आमचं एक दिवस तसं यायचं, दुसऱ्या दिवशी गढूळ, राखाडी. त्यात गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

शेठ म्हणाले, "एक बाटली चांगली आहे ना? तीच दाखवा."

"आणि मग त्यांनी माल मागितला की काय द्यायचं?" ताईंनी विचारलं.

ताईंचा एकच हट्ट. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर कशानं सुधारलं ते देवालापन कळायचं नाय." तारा बदलल्या, वीज कमी केली, पाण्याचा कॅन नवा आणला. तरी तेच. शेवटी हात पुसत त्या मला म्हणाल्या, "चांगलं येतं तेव्हा मी कुठे असते?"

मी आठवून पाहिलं. "तुम्ही शेठकडे मीटिंगला असता."

त्या हात पाठीमागे बांधून स्टुलावर बसल्या. "यादवजी, आज सब आप करो." पाणी सोनेरी आलं. लगेच त्यांनी दुसरं भांडं सवयीप्रमाणे नळाखाली धरलं, बाकी सगळं तसंच केलं. गढूळ! आमच्या नळाला बोअरचं मचूळ पाणी. यादवजी डिस्टिल्डने विसळून ठेवत, ताई त्यावर नळ सोडत. भांड्याला राहिलेल्या त्या पाण्यातलं मीठ चांदीशी मिळून सगळं गढूळ करत होतं.

ताई मोठ्याने हसल्या. "म्हंजे चोर मीच हाय!" गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यालाही त्यांनी सगळं सांगून टाकलं, आणि त्याच्यासमोर लागोपाठ दोनदा सोनेरी पाणी करून दाखवलं. त्याने ऑर्डर दिली. जाताना बाटली उचलून म्हणाला, "हे लोक पितात म्हणे, तब्येतीला?"

ताईंनी बाटली काढून घेतली. "कातडी निळी पडते त्यानं. मोज्यांचं हाय, मोज्यांनाच लावा."

पुढे त्यांना वापीला मोठी नोकरी लागली. निघताना त्यांनी शेठना आपल्या जागेसाठी माझं नाव सांगितलं, मला न विचारता. मी म्हटलं, "ताई, मला नाही जमणार."

"तुला कोनी विचारलं?" त्या म्हणाल्या आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

पुढच्याच आठवड्यात माझं पाणी काळपट आलं. मी घाबरून फोन केला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ताई म्हणाल्या, "मला नको सांगू. शोध." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सापडलं. एका तारेला वीज देणारा चिमटा ढिला होता. मी तो घट्ट केला आणि नवं पाणी लावलं. ताईंना परत फोन केला नाही.